दहा फुटांची रेल

सकाळी 7.00
मिनेसोटातलं ब्लूमिंग्टन, नोव्हेंबरमधला शनिवार. बर्फ अजून पडलेला नाही, पण पारा शून्याखाली गेलाय. शेजारच्या मुलाने गॅरेज उघडलंय. वय 19. रात्री किराणा दुकानात फळ्यांवर माल लावतो, तासाला 15 डॉलर. गाडी बाहेर काढलीय आणि फरशीवर चौकोनी लोखंडी पाइप पडलाय. दोन इंच बाय दोन इंच, जाडी तीन मिलिमीटरच्या जरा वर. वखारीत वीस फुटी मिळाला. पिकअपमध्ये मावेना, म्हणून मधोमध कापून आणला. पाइपचे 95 डॉलर, कापणावळ 5. दोन्ही तुकडे मिळून जवळपास 28 किलो.

याची त्याला रेल करायची आहे. स्की घालून उतारावरून यायचं, उडी मारून लोखंडावर चढायचं, आडवं घसरत जायचं आणि दुसऱ्या टोकाला नीट उतरायचं. स्कीच्या टेकडीवरच्या पार्कमध्ये अशा रेल असतात. पण टेकडी उघडायला अवकाश आहे, आणि तिथे दर वेळी तिकीट काढावं लागतं.

7.40
खडू, टेप, गुण्या. दहा फुटांचा एक तुकडा तसाच रेलसाठी. दुसऱ्या दहा फुटांत बाकी सगळं बसवायचं. चौदा इंचांचे दोन पाय, तीस इंचांच्या दोन आडव्या बैठका, चौदा इंचांचे दोन तिरके टेकू. बेरीज 116 इंच. उरले चार. शिवाय दर कापाला चकती थोडं लोखंड खाते, म्हणजे सव्वातीनच धरायचे. तो हा हिशेब फरशीवर लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. उंचीही तिथेच ठरते. बैठक दोन इंच, पाय चौदा, रेल दोन. एकूण अठरा.

माझ्याकडे कुंपणाचा जुना पाइप पडून होता. तो मी देऊ केला. त्याने हात लावून पाहिला आणि नको म्हणाला. त्यावर जस्ताचा मुलामा आहे. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री ताप भरतो. हे त्याला आजोबांनी शिकवलंय.

8.30
कापाकापी. ग्राइंडरच्या चकत्या चार, बारा डॉलरच्या. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा. ठिणग्या थेट दारापर्यंत जातात. टेकूंचे 45 अंशांचे काप वेळ खातात.

10.15
आजोबा आले. उमेदीत शेतीची अवजारं दुरुस्त करायचे. वेल्डिंगचं मशीन त्यांचंच, घरच्या प्लगवर चालणारं. तारेचं रीळ मात्र नातवाने आणलंय, 18 डॉलर.

रेल पालथी घालतात. घसरायची बाजू खाली, पाय वर. म्हणजे त्या बाजूवर वेल्डिंगचा एक थेंबही येत नाही. आधी नुसते टाके, प्रत्येक सांध्याला दोन. मग गुण्या लावून बघायचं. एक पाय जरासा कललेला. आजोबा हातोडीचा एकच ठोका देतात, पुन्हा गुण्या लावतात.

‘आता भर. पण एका बाजूने सलग भरत जाऊ नकोस. इकडे थोडं, तिकडे थोडं. नाहीतर तापून ओढलं जाईल.’

पहिला सांधा ओबडधोबड झाला. आजोबांनी तो घासून काढायला लावला. तिसऱ्यापर्यंत हात बसला.

12.00
उरलेला सव्वातीन इंचांचा तुकडा उभा चिरला. त्याच्या भिंतींमधून दोन इंची दोन चौकोन निघाले. ती रेलच्या उघड्या टोकांची झाकणं. उघडं टोक म्हणजे सुरी, मांडी फाडेल. झाकणं वेल्ड केली आणि मग सुरू झालं आजचं सगळ्यात चिकट काम, घासणं. सांध्याचा उंचवटा पाइपच्या पातळीला यायला हवा. तो हातमोजा काढतो आणि नख रेलवरून ओढत नेतो. नख अडलं की तिथे पुन्हा चकती. जिथे नख अडतं तिथे स्की अडणार.

1.30
सँडविच, उभ्याउभ्याच.

खाताना तो स्कीपटू निक गेपरबद्दल सांगतो. स्कीचा स्लोपस्टाइल, म्हणजे अशा रेल आणि उड्यांचा प्रकार, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो 2014 साली सोचीला. पुरुषांची तिन्ही पदकं अमेरिकेला मिळाली, त्यातलं कांस्य गेपरचं. नंतर 2018 आणि 2022 मध्ये रौप्य. तो इंडियानाचा. तिथली टेकडी जेमतेम 400 फुटांची, आणि घरच्या अंगणात तो पीव्हीसी पाइपच्या रेलवर सराव करायचा. ही माहिती या मुलाला तोंडपाठ आहे. कोलोरॅडोचे डोंगर नसलेल्या मुलांना ती असतेच.

2.15
आइस रिंकच्या मागचं दार. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र वरचा थर खरवडतं आणि तो चुरा इथे ढीग करून टाकतं. फुकट मिळतो. कार्यालयात आधी विचारून ठेवलंय. प्लास्टिकचे टब, दोन फावडी. चुरा ओला आहे, एक टब उचलायला दोन माणसं लागतात. पिकअप भरली की घरी, रिकामी करून परत.

4.45
अंधार पडला. गेल्या वर्षीचा प्लायवूडचा उतार अंगणात उभा आहे, त्यावर चुरा थापटून झाला. रेल पुढे ठेवली. पाणसळ सांगते, डावी बैठक खाली आहे. तिच्याखाली फळीचा तुकडा सरकवला. शिडीवर आजोबांचा दिवा बांधला.

5.30
स्कीच्या कडांना पोलादी पट्टी असते. बर्फावर धार हवी, रेलवर तीच घात करते. बुटाखालच्या भागातली धार तो कानशीने मोडतो. घाई नाही, कड उजेडात धरून बघतो.

मग वर चढतो. पहिल्यांदा स्की नीट आडव्या होत नाहीत, कंबरेवर आपटतो. दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत. नजर पायांकडे जाते, तिथेच तोल जातो. रेलच्या शेवटच्या टोकाकडे बघत राहायचं असतं. थोड्या वेळाने लोखंडाचा सलग किर्रर्र आवाज येतो, टोकापर्यंत. आजोबा जागचे हलत नाहीत, पण मान डोलावतात.

7.30
पाइप 95, कापणावळ 5, चकत्या 12, तार 18. एकशे तीस. त्याच्या कामाचे जवळपास नऊ तास, तेही कर कापण्याआधीचे.

शेवटचे तीन फूट खाली वाकलेली रेल हवी, असं तो म्हणतो.

‘खालून पाचरीएवढं कापायचं, वाकवायचं, फट भरायची. होईल,’ आजोबा म्हणतात. ‘पण आधी ही सरळ जमू दे.’

रात्री दहाला दुकानाची पाळी आहे. अजून दोन तास तरी दिवा लागणार.