शब्दामागचा प्रसंग (भाग ९) : वाळीत टाकायच्या तऱ्हा

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ऑस्ट्रसाइझ, बॉयकॉट आणि ब्लॅकबॉल हे तीन शब्द बहुधा एकाच ओळीत बसवलेले असतात आणि समोर एकच अर्थ असतो : बहिष्कार टाकणे. विद्यार्थी ती ओळ घोकतो आणि निबंधात ‘ग्राहकांनी परदेशी साबण ऑस्ट्रसाइझ केला’ असं लिहून मोकळा होतो. तपासणारा लाल रेघ मारतो, कारण मात्र सांगत नाही. ते कारण शोधायला अथेन्सला जावं लागतं.

इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक. अथेन्सच्या लोकसभेत वर्षातून एकदा विचारलं जाई, यंदा कुणाला हद्दपार करायचंय का? होकार आला तर ठरल्या दिवशी नागरिक भर चौकात जमत आणि फुटक्या मडक्याच्या खापरीवर एकेक नाव कोरून टाकत. खापरीला ग्रीकमध्ये ऑस्ट्राकॉन म्हणतात, आपला शब्द त्यातूनच आला. किमान ६,००० खापऱ्या हव्यात, हा नियम. ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा निघे, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. आरोपपत्र नाही, खटला नाही, बचावाचं भाषण नाही. पण घरदार, शेती, नागरिकत्व सगळं शाबूत. गुन्ह्याची शिक्षा म्हणून हे केलेलंच नसे, डोईजड होऊ पाहणाऱ्या पुढाऱ्याला लांब ठेवण्याची ती सोय होती.

ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने ॲरिस्टायडीसची हकिगत दिली आहे. हा माणूस ‘न्यायी’ म्हणून प्रसिद्ध. इ. स. पू. ४८२च्या मतदानाच्या दिवशी एका निरक्षर खेडुताने त्यालाच, तो कोण हे न ओळखता, खापरी देऊन ‘यावर ॲरिस्टायडीस लिही’ म्हणून सांगितलं. त्याने तुझं काय वाकडं केलं, असं विचारल्यावर खेडूत म्हणाला, काही नाही, जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ते ऐकून कान किटले. ॲरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून खापरी परत केली. हद्दपारी झालीच, पण दोन वर्षांत इराणी फौजा चालून आल्या तेव्हा अथेन्सने त्याला परत बोलावलं. त्याचा प्रतिस्पर्धी थेमिस्टोक्लीस. त्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या ॲक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत सापडल्या, आणि त्यांवरची अक्षरं फक्त १४ जणांच्या हातची निघाली. आयत्या मतपत्रिका वाटण्याची कला तेव्हाही अवगत होती म्हणायची.

म्हणजे ऑस्ट्रसाइझचं कर्म नेहमी माणूस असतो आणि कर्ता असतो गट : गाव, जात, कचेरीतले सहकारी, वर्गातली मुलं. हा शब्द बहुतेकदा कर्मणी प्रयोगात येतो. उच्चारात जोर पहिल्या ‘ऑस्’वर द्यायचा. साबण ऑस्ट्रसाइझ होत नाही, कारण साबण कुठल्याच गोतावळ्यात नसतो.

बॉयकॉटची गोष्ट २,३०० वर्षांनंतरची. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असे. १८८०मध्ये पीक हातचं गेलेल्या कुळांनी खंडात सूट मागितली, त्याने जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. लँड लीग या शेतकरी संघटनेच्या सल्ल्याने कुळांनी हात न उगारता त्याच्याशी व्यवहार तोडला. गडीमाणसं निघून गेली, दुकानदार सामान देईनात, लोहार घोड्याला नाल ठोकेना. शेवटी त्याचं पीक काढायला उत्तरेकडून ५० स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक व पोलीस. ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड उडाले असा तेव्हाचा अंदाज होता. वर्ष संपायच्या आत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

या प्रकाराला म्हणायचं काय? रेडपाथ हा अमेरिकी पत्रकार तिथल्या फादर ओमॅली या धर्मगुरूंकडे जेवायला असताना ही चर्चा निघाली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. ‘ऑस्ट्रसिझम’ शब्द निघाला, पण शेतकऱ्यांना तो कळायचा नाही म्हणून बाजूला पडला. मग फादरनी सुचवलं, ‘बॉयकॉट करणं’ म्हणू या! काही आठवड्यांत लंडनच्या वर्तमानपत्रांत तो छापून येऊ लागला, पुढे फ्रेंच-जर्मन भाषांनीही उचलला. १९०५च्या वंगभंगानंतर तो आपल्याकडे चळवळीचं हत्यार बनला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला ‘बहिष्कार’ तो हाच.

बॉयकॉटमध्ये तोडला जातो व्यवहार, आणि बहुधा त्यामागे एखादी मागणी असते. म्हणून माल, निवडणूक, बैठक, सामना, सगळंच बॉयकॉट होतं. माणूसही होतो, कारण मुळात झाला तो माणूसच. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने केलेल्या २०१६च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘सोशल बॉयकॉट’ आहे, तेही योग्यच : पाणी बंद, किराणा बंद, मयताला खांदा देणं बंद, हे सारे तोडलेले व्यवहार. त्या कुटुंबाच्या वाट्याला जे एकटेपण येतं, त्याला ऑस्ट्रसिझम म्हणायचं.

ब्लॅकबॉलला फार वेळ नको. इंग्रजी क्लबांत नव्या सभासदाच्या अर्जावर पेटीत गुपचूप गोटी टाकून मत देत. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि कित्येक ठिकाणी एक काळी गोटीसुद्धा पुरे. (बॅलट शब्दाचं मूळही इटालियनमधली छोटी गोटीच.) तेव्हा ऑस्ट्रसाइझ होतो तो आतला माणूस, आणि ब्लॅकबॉल होतो तो अजून दाराबाहेर उभा असलेला.

या आठवड्याचा गृहपाठ. तीन वाक्यांचं इंग्रजी करा, प्रत्येकात आजचा वेगळा शब्द हवा : परजातीत लग्न केल्यापासून त्या घरी कुणी पाय ठेवत नाही. रस्ता होईपर्यंत मतदान करायचं नाही असं गावाने ठरवलं. जिमखान्याच्या दोन जुन्या सभासदांनी त्याचा अर्ज हाणून पाडला. उत्तरं पुढच्या भागात.