केंद्रीय सहकार मंत्रालय : ऐतिहासिक वाटचाल आणि अधिकारक्षेत्राचा प्रश्न

गोषवारा : केंद्र सरकारने ६ जुलै २०२१ रोजी स्वतंत्र सहकार मंत्रालयाची स्थापना केली. सहकारी संस्था हा भारतीय राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे या मंत्रालयाच्या अधिकारांविषयी अनेक प्रश्न उपस्थित झाले. इ.स. १९०४ पासून सहकार हा विषय शासनयंत्रणेत कोठे ठेवला गेला व त्यामागे कोणती दृष्टी होती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : सहकार मंत्रालय, निबंधक, राज्यसूची, बहुराज्यीय सहकारी संस्था, सभासद.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुसंख्य प्राध्यापक कोणत्या ना कोणत्या सेवक पतसंस्थेचे सभासद असतात. दरमहा वेतनातून वर्गणी कपात होते, वर्षाअखेरीस लाभांश मिळतो आणि गरजेच्या वेळी कर्जही मिळते. तथापि, या संस्थेवर अंतिम देखरेख कोणाची, असे विचारल्यास नेमके उत्तर क्वचितच मिळते. २०२१ नंतर तर ‘आता सर्व सहकार दिल्लीच्या ताब्यात गेला’ असे विधान सर्रास ऐकू येते. हे विधान कितपत खरे आहे, हे समजून घ्यावयाचे तर मंत्रालयाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) सहकार विषयाच्या शासकीय स्थानात झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२) केंद्र व राज्य यांच्यातील अधिकार विभागणी स्पष्ट करणे.
३) नव्या मंत्रालयाच्या कार्याच्या मर्यादा तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, समित्यांचे अहवाल व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

३. निबंधकाचा काळ (१९०४ ते १९४७)

भारतात सहकारी चळवळ सभासदांच्या उत्स्फूर्त प्रेरणेपेक्षा कायद्याच्या मार्गाने आली. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दख्खनच्या दंग्यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा प्रश्न सरकारपुढे तीव्रतेने आणला होता. पुढे फ्रेडरिक निकल्सन यांचा अहवाल आणि एडवर्ड लॉ समितीच्या शिफारशी यांतून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा साकारला. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याव्यतिरिक्त अन्य प्रकारच्या संस्थांनाही मान्यता दिली. या दोन्ही कायद्यांच्या केंद्रस्थानी मंत्री नव्हता, तर निबंधक होता. संस्थेची नोंदणी, हिशेब तपासणी, चौकशी आणि विसर्जन हे सर्व अधिकार त्याच्याच हाती होते.

१९१९ च्या सुधारणांनंतर सहकार हा प्रांतांकडील ‘सोपीव’ विषय झाला. त्याचा लाभ घेऊन मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतःचा सहकारी संस्था कायदा संमत केला. एकाहून अधिक प्रांतांत काम करणाऱ्या संस्थांसाठी मात्र मध्यवर्ती सरकारला १९४२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. अधिकारांची आजची विभागणी बीजरूपाने येथेच दिसते.

४. १९५८ : पहिले मंत्रालय

राज्यघटनेने ही परंपरा कायम ठेवली. संघसूचीतील ४३ व्या नोंदीतून सहकारी संस्था स्पष्टपणे वगळण्यात आल्या आणि राज्यसूचीतील ३२ व्या नोंदीत त्यांचा समावेश झाला. एकापेक्षा अधिक राज्यांत उद्दिष्टे असणाऱ्या संस्था संघसूचीतील ४४ व्या नोंदीखाली केंद्राकडे राहिल्या.

घटनेने विषय राज्यांना दिला, परंतु नियोजनाने त्यात केंद्राला आणले. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या गोरवाला समितीने १९५४ मध्ये दाखवून दिले की, १९५१-५२ साली शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के होता. यावर उपाय म्हणून शासनाने संस्थांच्या भागभांडवलात सहभागी व्हावे, अशी शिफारस समितीने केली. या समितीत धनंजयराव गाडगीळ हेही सदस्य होते.

नोव्हेंबर १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने सहकारविषयक ठराव केला आणि त्या वर्षाअखेरीस सहकार हा विषय अन्न व कृषी मंत्रालयाकडून काढून समुदाय विकास मंत्रालयाला जोडण्यात आला. अशा रीतीने ‘समुदाय विकास व सहकार’ मंत्रालय अस्तित्वात आले. एस. के. डे हे त्याचे मंत्री होते. ग्रामपंचायत, शाळा आणि सहकारी सोसायटी या ग्रामजीवनाच्या तीन मूलभूत संस्था आहेत, ही त्यामागील धारणा होती. येथे एक विसंगती नोंदवणे अगत्याचे आहे. गोरवाला समितीने सुचविलेल्या शासकीय सहभागाविषयी पंडित नेहरू यांनी १९५८ मध्येच जाहीर नापसंती व्यक्त केली होती. सहकारात सरकारी हस्तक्षेप नसावा, असे त्यांचे मत होते. परंतु भागभांडवलातील शासकीय सहभाग त्यानंतरही वाढतच गेला. जानेवारी १९५९ च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनातील संयुक्त सहकारी शेतीच्या ठरावामुळे तर सहकार हा तीव्र राजकीय वादाचा विषय बनला.

५. कृषी खात्याच्या छत्राखाली (१९६६ ते २०२१)

१९६६ मध्ये हे मंत्रालय अन्न व कृषी मंत्रालयात विलीन झाले. अन्नटंचाईचा तो काळ होता. बियाणे, खते व पीककर्ज शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा, एवढ्याच अर्थाने सहकाराकडे पाहिले जाऊ लागले. त्याच वर्षी सहकारी बँकांच्या बँकिंग व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण आले. त्यानंतर दीर्घकाळ केंद्रात सहकार हे प्रामुख्याने कृषी मंत्रालयाचे एक उपांग राहिले.

या काळात प्रत्यक्ष सहकार घडला तो राज्यांत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला आणि त्याच्या आधारे साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका व विकास सोसायट्या यांचे जाळे विस्तारले. निर्वाचित संचालक मंडळ दूर सारून प्रशासक नेमण्याचा अधिकारही याच अधिनियमातून आला. त्याच्या राजकीय वापराची चर्चा आपल्याकडे नवी नाही. म्हणजेच सहकारातील शासकीय हस्तक्षेपाचा दोष केवळ दिल्लीकडे देणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

६. २०२१ चे मंत्रालय व न्यायनिर्णय

६ जुलै २०२१ रोजी स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले आणि अमित शहा हे त्याचे पहिले मंत्री झाले. त्यानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीसंबंधी महत्त्वपूर्ण निर्णय दिला. १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने संचालकांची कमाल संख्या, मंडळाची मुदत व निवडणुका यांविषयी तरतुदी केल्या होत्या. राज्यांच्या अधिकारावर परिणाम होत असूनही किमान निम्म्या विधिमंडळांची संमती घेतली नसल्याने, राज्यांतर्गत संस्थांपुरता ‘भाग नऊ-ख’ न्यायालयाने २ विरुद्ध १ मताने रद्द ठरविला. बहुराज्यीय संस्थांपुरता तो कायम राहिला.

तेव्हा नव्या मंत्रालयाचा प्रभाव मुख्यतः तीन मार्गांनी पडतो. पहिला मार्ग निधीचा. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जे, तसेच ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी जून २०२२ मध्ये मंजूर झालेली २,५१६ कोटी रुपयांची योजना ही याची उदाहरणे होत. दुसरा मार्ग आदर्श उपविधींचा. प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी असे उपविधी जानेवारी २०२३ मध्ये राज्यांकडे पाठविण्यात आले. ते स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर असले, तरी निधी व योजना यांच्या संदर्भात ही इच्छा कितपत मोकळी राहते, हा प्रश्न उरतोच. तिसरा मार्ग बहुराज्यीय कायद्याचा. २००२ च्या या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन निवडणूक प्राधिकरणाची तरतूद झाली आणि राज्यातील संस्थेला बहुराज्यीय संस्थेत विलीन होण्याची वाट खुली झाली. अधिकारांच्या दृष्टीने हा बदल सर्वांत दूरगामी आहे. कारण विलीन झालेली संस्था राज्याच्या निबंधकाकडून केंद्रीय निबंधकाच्या कक्षेत जाते.

७. निष्कर्ष

सहकार विषयाचे केंद्रातील स्थान १९५८, १९६६ व २०२१ मध्ये बदलले. प्रथम तो ग्रामविकासाचा सोबती होता, नंतर शेतीचे साधन झाला आणि आता स्वतंत्र मंत्रालयाचा विषय आहे. मात्र राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या आपल्या पतसंस्थेचा निबंधक आजही राज्याचाच आहे. ‘सर्व सहकार दिल्लीच्या ताब्यात’ हे विधान म्हणून कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आहे. परंतु निधी, उपविधी आणि विलीनीकरण या मार्गांनी केंद्राचा प्रभाव वाढत आहे, हेही नाकारता येत नाही.

या संपूर्ण इतिहासात निबंधक, मंत्री, समित्या व न्यायालये यांचा उल्लेख पदोपदी येतो. सभासदाचा क्वचितच येतो. मंत्रालय निधी देऊ शकेल, संगणक देऊ शकेल. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचून प्रश्न विचारणारा सभासद ते पुरवू शकणार नाही. ती जबाबदारी आपली, विशेषतः स्वतः सभासद असूनही सभेला अनुपस्थित राहणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षित वर्गाची आहे.