जंतूंची साक्ष कितपत ग्राह्य?

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या रक्तात ‘स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस’ हा जंतू सापडला, की विचक्षण वैद्य हृदयावरील उपचार चालू ठेवूनच त्याच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करण्यास फर्मावतात. रोग एकीकडे आणि तपास भलतीकडेच, असे वरकरणी भासवणाऱ्या या रिवाजाचा आधार बव्हंशी १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आहे: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या ६३ जणांपैकी ३५ जणांच्या शौचात हा जंतू होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांपैकी अवघ्या ११ जणांच्या.

पुढे जनुकवाचनाची साधने हाती आली आणि २०१२ साली बोस्टन व व्हँकुव्हर येथील दोन निरनिराळ्या संशोधकमंडळांनी एकाच नियतकालिकातून दुसऱ्याच जंतूविरुद्ध फिर्याद गुदरली. ‘फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम’ हा दोन्ही टोकांना निमुळता, प्राणवायूचे वावडे असलेला जंतू. त्याचे मूळ वतन म्हणजे दातांवरचे कीटण. आणि तोच अर्बुदाच्या ऊतीत, शेजारच्या निरोगी ऊतीच्या मानाने, विपुल आढळला. तो तेथे केवळ आश्रयाला आलेला आगंतुक असावा, ही शंका रास्तच होती. परंतु त्याच्या अंगावरील ‘फॅप२’ हे प्रथिन अर्बुदपेशींवरील विशिष्ट शर्करेला जाऊन चिकटते हे जेव्हा उलगडले, २०१७ साली यकृतात पसरलेल्या कर्करोगातही तोच जंतू सापडला, आणि असे जंतुयुक्त अर्बुद उंदरांत रुजवून त्यांना, आपल्याकडे आवेवर सर्रास देतात ते मेट्रोनिडाझोल दिले असता अर्बुदाची वाढ मंदावली, तेव्हा त्याला निव्वळ बघ्या म्हणून सोडून देणे कठीण झाले. २०२४ साली सिॲटलच्या संशोधकांनी त्या कुळातील, अम्लातही तग धरणारी, नेमकी एक शाखा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली.

मात्र निदान वेळेआधी व्हावे, या मागणीपाशीच हा पुरावा लंगडा पडतो. कर्करोग पुरता रुजला की शौचातील जंतूंची ठेवण ठळकपणे पालटते. पण पॉलिपच्या, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरील लहानशा गाठीच्या, अवस्थेत, जेव्हा तो दुर्बिणीतूनच कापून काढला असता पुढचा अनर्थ टळतो, तेव्हा हा पालट फिकट असतो आणि आहार, प्रतिजैविके व प्रदेश यांमुळे पडणाऱ्या फरकांत सहज लोपतो. शास्त्रज्ञांची उतावीळही कमी नाही: जंतूंच्या जनुकखुणांवरून तीसहून अधिक प्रकारचे कर्करोग ओळखण्याचा दावा ‘नेचर’ने २०२० साली छापला, आणि मानवी जनुकांशच जंतूंच्या खाती जमा झाल्याचे उघड होऊन २०२४ साली तो निबंध मागे घेतला गेला. तूर्त शौचातील अदृश्य रक्तांश टिपणारी ‘फिट’ चाचणीच स्वस्त आणि भरवशाची; तिला बेदखल न करता जंतूंची कैफियत तिच्या जोडीला धरली, तर अधिक पॉलिप हाती लागतात, असे हाँगकाँगमधील संशोधनात दिसले आहे.