समुद्रकाठी तंबूत मुक्काम करायचाय? ॲडव्हान्स टाकण्याआधी एवढं तपासा

चोपडा : कापूस घरात आला, गहू-हरभऱ्याला पाणी देऊन झालं की आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबांना चार दिवस मोकळे मिळतात. पूर्वी हे चार दिवस शिर्डी, वणी, नाहीतर तोरणमाळला जायचे. आता पोरांच्या मोबाईलवर समुद्रकाठच्या तंबूंचे फोटो येतात आणि ‘आपण पण जाऊ’ म्हणून घरात हट्ट सुरू होतो. जायला काही हरकत नाही, खर्चही लॉजपेक्षा आटोक्यात बसू शकतो. पण आपण पडलो कोरड्या मुलखातले. आपल्याला विहीर कळते, पाटचारी कळते, तापीचा पूर कळतो. समुद्र कळत नाही. म्हणून फोटो बघून जागा ठरवू नका, खालच्या गोष्टी विचारून ठरवा.

आपल्याला जवळ काय पडतं?

पहिला पर्याय पालघर जिल्ह्याचा. केळवे, डहाणू, बोर्डी. रेल्वेने भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबारमार्गे सुरत गाठायचं आणि तिथून गाडी बदलून डहाणू रोड किंवा घोलवडला उतरायचं. स्वतःची गाडी असेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, जव्हारमार्गे जाता येतं. बोर्डी-घोलवड हा चिकूचा पट्टा आहे, तिथल्या चिकूला जीआय मानांकन आहे. वाडीत मुक्काम मिळाला तर बागही बघून होते. केळीवाल्या शेतकऱ्याला ते जास्त आवडेल.

दुसरा पर्याय रायगडचा. अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड. तंबूवाले या भागात भरपूर आहेत. रस्ता धुळे, नाशिक, पनवेल, पेण असा. एका दमात गाडी मारायची म्हटलं तर पूर्ण दिवस जातो. दापोली किंवा तारकर्लीला जायचं तर जाण्यायेण्याचेच दोन-तीन दिवस वेगळे धरा.

तंबू भरतीरेषेच्या वर आहे का?

सगळ्यात महत्त्वाचं हेच. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. मुंबई-अलिबागकडे मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. अलिबागचा कुलाबा किल्ला बघा. ओहोटीत माणसं चालत किल्ल्यात जातात आणि भरतीत त्याच वाटेवर पाणी असतं. दुपारी कोरडी दिसणारी वाळू रात्री पाण्याखाली जाऊ शकते.

ओळखायचं कसं? वाळूवर सुका कचरा, शिंपले, काड्यांची एक लांबच लांब ओळ दिसते. पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं असतं. त्याच्या वर जमिनीवर पसरलेली, जांभळ्या फुलांची एक वेल असते. तिला कोकणात मर्यादवेल म्हणतात. तंबू त्या वेलीच्याही मागे, वाडीत किंवा सुरूच्या झाडांच्या आडोशाला हवा. नारळाच्या झाडाखाली मात्र नको, वरून नारळ किंवा झावळी पडली तर तंबूचं कापड काही अडवणार नाही.

तिथीवरून भरतीचा हिशोब

आपल्या घरात कॅलेंडर असतंच. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब एकच. हा अंदाज आहे, मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याला चालतो. नेमकी वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारा.

आता पौर्णिमा-अमावस्येचा हिशोब काढा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. या दोन तिथींच्या आसपास सर्वात मोठी, उधाणाची भरती असते आणि ती येते रात्री अकरा-बाराला, म्हणजे ऐन झोपेत. घरची लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असतील तर सप्तमी ते नवमीचे दिवस धरा. तेव्हा भरती लहान असते, तिला भांगाची भरती म्हणतात.

विहिरीतला पट्टीचा पोहणारा समुद्रात चालत नाही

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. हे विसरू नका. आपली पोरं विहिरीत, पाटात पोहायला शिकतात. तिथे पाणी माणसाला आत ओढत नाही. समुद्रात ओहोटी लागली की पाय घट्ट रोवून उभा असलेला गडीही खेचला जातो. म्हणून बुकिंग करताना विचारा, जवळ जीवरक्षक आहे का? किती वाजेपर्यंत असतो? तो नसेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि दारू प्यायलेल्या माणसाला तर पाण्याजवळच जाऊ द्यायचं नाही. कोणी ओढला गेलाच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं. ओढ कमी झाली की मग आत यावं.

बाकी काय विचाराल?

- संडास-बाथरूम किती आणि तंबूपासून किती लांब? वाटेवर रात्री लाईट असतो का? बाया-मुली सोबत असतील तर हा प्रश्न सगळ्यात आधी.
- पिण्याचं पाणी कुठलं? किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी खारट असू शकतं.
- तंबू वाऱ्याला बांधलाय कसा? वाळूत साधी खुंटी धरत नाही. शेडनेट बांधतो तसा चारही बाजूंनी ताण हवा, खुंटीवर वाळूच्या गोणीचं वजन हवं.
- भाडं तंबूमागे की माणशी? जेवण, नाश्ता, जीएसटी धरून का? लहान मुलांचं किती?
- शेगडी कुठे पेटवायची? थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत ठेवून झोपू नका. बंद जागेतला तो वायू वास न येता माणूस मारतो.

गाडीतच झोपायचं असेल तर

कॅरॅव्हॅन म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडची मंडळी बहुतेक ट्रॅव्हलर किंवा ईको घेऊनच निघतात. तशा गाडीला सपाट, टणक जागा, विजेचा जोड, पाणी आणि रात्रीची राखण लागते. गाडी वाळूत उतरवू नका. चाक रुतलं आणि भरती आली तर ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी थांबत नाही. आणि मालवाहू पिकअपमध्ये माणसं भरून नेणं तर कायद्यात बसत नाही, अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकतात.

गोव्याला जाणार असाल तर उघड्यावर चूल मांडू नका. तिथे २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड आहे.

कधी जाऊ नये

जून ते सप्टेंबर तंबूचं नाव काढू नका. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकलं होतं. या महिन्यांत निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त रात्री दव पडतं, पांघरूण जास्तीचं घ्या.

पैसे पाठवण्याआधी

फोटो कोणाचेही उचलून टाकता येतात. मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि तंबू, संडास, समुद्र किती लांब हे दाखवायला लावा. नकाशावर जागा सापडते का, लोकांनी तिथे काय लिहिलंय, तेही वाचा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. थोडा ॲडव्हान्स, बाकी पोहोचल्यावर. ‘आजच भरा, नाहीतर जागा जाईल’ असं म्हणणाऱ्याला सोडून द्या. बुकिंग रद्द झालं तर किती परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

हे नंबर सेव्ह करा : पोलीस व तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, समुद्रात कोणी अडकल्यास तटरक्षक दल १५५४, ऑनलाईन फसवणूक झाल्यास १९३०.