नोंदीतून निसटलेली पदके

सैनिकाला मिळालेले पदक हे त्याच्या छातीवर दिसत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचे खरे अस्तित्व कागदावर असते. पदक मंजूर करणारा आदेश निघतो, त्या आदेशाची नोंद सैनिकाच्या सेवापत्रकात होते आणि निवृत्तीच्या वेळी त्या सेवापत्रकावरून त्याच्या डिस्चार्ज बुकात उतारा केला जातो. या तीन पायऱ्यांपैकी एखादी पायरी चुकली, तर पदक मिळूनही ते दप्तरी मिळालेले नसते. हिंगोली जिल्ह्यातील माजी सैनिकाच्या हाती सहसा या साखळीचा फक्त शेवटचा दुवा, म्हणजे डिस्चार्ज बुक, असतो, आणि आधीचे दोन दुवे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अभिलेख कार्यालयात, ज्याला सैनिक सर्रास ‘रेकॉर्ड’ म्हणतात तेथे, पडून असतात. म्हणून अशा प्रकरणात पराक्रमाची कहाणी सांगण्यापेक्षा मूळ आदेश शोधून काढणे अधिक कामाचे ठरते.

लष्करी पदकांचे ढोबळ मानाने दोन वर्ग आहेत आणि दोहोंच्या नोंदींची तऱ्हा वेगळी आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र आणि सेना पदक ही शौर्यपदके व्यक्तीच्या नावाने भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. युद्धवृत्तात नाव नोंदवले जाणे, म्हणजे सैनिक ज्याला ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ म्हणतात तो सन्मानही राजपत्रात येतो आणि त्याची खूण म्हणून फितीवर कमळाच्या पानाचे छोटे चिन्ह लावतात. दुसरा वर्ग सेवापदकांचा आहे. समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम पदक, सियाचिन ग्लेशियर पदक, तसेच ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची दीर्घ सेवा पदके विशिष्ट काळात विशिष्ट ठिकाणी किंवा विशिष्ट मुदतीपर्यंत सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळतात. त्यांत नावे राजपत्रात छापली जात नाहीत, तर पलटणीच्या दैनंदिन आदेशाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये नोंद होते आणि तेथून ती सेवापत्रकावर, म्हणजे ‘शीट रोल’वर चढते.

हरवलेली पदके बहुधा या दुसऱ्या वर्गातली असतात आणि त्याला कोणाचा दुष्टावा कारणीभूत असण्याची शक्यता कमीच असते. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार ही १९७१ च्या युद्धाची पदके युद्ध संपल्यावर वर्षभराने, १९७३ मध्ये स्थापन झाली. साहजिकच १९७२ मध्ये मुदत संपवून घरी परतलेल्या जवानाच्या डिस्चार्ज बुकात त्यांचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, आणि त्यानंतर निघालेला आदेश त्याच्यापर्यंत पोहोचला नाही तर पदकांचा रकाना तसाच राहिला. जो जवान लढाईच्या वेळी दुसऱ्या तुकडीत तात्पुरता जोडलेला होता, जो जखमी होऊन इस्पितळात गेला आणि तेथून थेट दुसऱ्या ठिकाणी बदलला गेला, त्याची नोंद जुन्या पलटणीने करावी की नव्या, या घोळात ती कोणीच केली नाही, असेही घडते. पदकाचा हक्क मंजूर होणे आणि धातूचे पदक हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पदक हाती नसलेल्या सैनिकाची नोंद दप्तरात व्यवस्थित असू शकते आणि बाजारातून घेतलेली फीत लावणाऱ्याची नोंद मुळीच नसू शकते.

हिंगोलीच्या बाबतीत या गुंत्यात भूगोलाची भर पडते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी भरती झालेल्या प्रत्येकाच्या शीट रोलवर जिल्हा परभणी असतो. १९५६ पूर्वी भरती झालेल्याच्या कागदावर हैदराबाद राज्य येते, १९५६ ते १९६० या काळातल्या कागदावर मुंबई राज्य येते. सेनगाव आणि औंढा नागनाथ हे तालुके नंतरचे असल्याने तिथल्या गावांची नोंद जुन्या कागदात दुसऱ्याच तालुक्याखाली सापडते, आणि वसमतचे रोमन लिपीतले रूप कधी ‘ब’ने तर कधी ‘व’ने सुरू होते. भरती केंद्रावरच्या कारकुनाने मराठी नाव ऐकून लिहिताना आडनाव गाळले, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी घातले किंवा ‘राव’ जोडला-तोडला, तर पन्नास वर्षांनी त्या शीट रोलवर आधार कार्डाशी जुळणारे काहीच उरत नाही, माणूस ओळखता येतो तो केवळ सैनिक क्रमांकावरून. त्यामुळे अर्जात नावाआधी क्रमांक लिहावा. स्वतंत्र भारताच्या पदकांवरही साधारणपणे क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, आणि घरातल्या पेटीत सापडलेले एखादे जुने पदक त्या कोरीव ओळीमुळेच पुरावा ठरू शकते.

या मातीचा लष्कराशी संबंध जुना आहे. हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची हिंगोली येथे १८१९ पासून १९०३ पर्यंत छावणी होती. ती फौज पुढे हिंदुस्थानी सैन्यात मिसळली, तिच्यातून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिलाच कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. निजामाच्या संस्थानी फौजेतील पहिली हैदराबाद इन्फंट्री १९४१ च्या डिसेंबरात मलायातील कोटा भारू येथे जपान्यांसमोर होती. अशा संस्थानी पलटणींतल्या माणसांच्या नोंदी हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन होताना कोणत्या दप्तरातून कोणत्या दप्तरात गेल्या, याचा माग काढणे वारसांसाठी सर्वांत कठीण काम असते. हिंगोलीत आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, पण त्यातील जवानांची पोलीस पदके राज्याच्या गृहखात्याच्या वाटेने येतात. येथे सांगितलेली रीत त्यांना लागू पडत नाही.

दुरुस्तीची वाट रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे जाते. मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बाँबे सॅपर्स या अभियंता गटाचे खडकीला, तर ईएमईचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स व मेकॅनिकल अभियंता दलाचे, सिकंदराबादला आहे. अर्जासोबत डिस्चार्ज बुकाची प्रत, पेन्शन आदेश असल्यास तो, आणि संबंधित काळात कोणत्या पलटणीत, कोणत्या क्षेत्रात होतो याचा तपशील द्यावा लागतो. ‘मी युद्धात होतो’ असे मोघम लिहिण्यापेक्षा पलटण, कंपनी आणि ठिकाण लिहिणे उपयोगी, कारण पदकाची पात्रता त्यावरून तपासली जाते. शीट रोलची प्रत आधी मागवणे शहाणपणाचे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपयांच्या शुल्कावर ती मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रत हाती आल्यावर बऱ्याचदा कळते की पदक शीट रोलवर आहे, फक्त डिस्चार्ज बुकात उतरलेले नाही, आणि मग काम एका शिक्क्याचे उरते. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी अर्ज तपासून शिफारशीसह पुढे पाठवू शकतात. त्यांचे पत्र म्हणजे आदेश नव्हे, मात्र खेड्यातून एकट्याने पाठवलेल्या पत्रापेक्षा त्याला वजन असते. सैनिक हयात नसल्यास पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात.

यातून मिळते काय, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक सेवापदकांना पैशाचा लाभ नाही. शौर्यपदकांना मासिक भत्ता आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्रासाठी तो वीस हजार, वीर चक्रासाठी सात हजार, तर शौर्याच्या सेना पदकासाठी दोन हजार रुपये झाला. शौर्यपदकधारकांच्या मुलांना शैक्षणिक प्रवेशासाठीच्या प्राधान्यक्रमात स्थान असते. त्यामुळे राजपत्रात नाव असूनही शीट रोलवर नोंद नसणे ही गोष्ट घराच्या खर्चावर आणि मुलांच्या शिक्षणावर परिणाम करते. अशा वेळी राजपत्राचा अंक व तारीख हाच निर्णायक पुरावा असतो, आणि संरक्षण मंत्रालयाचे शौर्य पुरस्कारांचे संकेतस्थळ तो शोधायला मदत करते.

ज्याची शिफारसच झाली नाही, किंवा झाली आणि वरच्या पातळीवर नाकारली गेली, त्याचा दावा मात्र नोंद-दुरुस्तीचा नसतो. शौर्यपदक हा हक्क नव्हे, तो शासनाने दिलेला सन्मान आहे, हीच भूमिका घेतली जाते आणि काळ लोटल्यावर नवी शिफारस स्वीकारणे जवळपास अशक्य असते. गावकऱ्यांच्या आग्रहाने अनेक माजी सैनिक या वाटेने वर्षानुवर्षे खेटे घालतात. त्यांना आरंभीच स्पष्ट सांगणे अधिक माणुसकीचे झाले असते. तरीही कागदावर लिहिलेले मूल्यमापनच चुकीचे असेल तर ते न्यायासनापुढे नेता येते. कारगिल युद्धात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० मध्ये तत्कालीन कोअर कमांडरचे त्यांच्याविषयीचे शेरे पक्षपाती ठरवून बाजूला सारले. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तेथे जाण्यापूर्वी खात्याकडे अर्ज करून पाहावा लागतो. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागायची असते, आणि उत्तरच न आल्यास अर्जापासून सहा महिने वाट पाहून पुढच्या सहा महिन्यांत जाता येते. विलंबाचे सबळ कारण दिल्यास तो माफही होतो.

सर्वांत अवघड स्थिती पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांची असते, कारण त्यांचे शीट रोल पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे आणि अभिलेख कार्यालयात केवळ ‘लाँग रोल’ या नोंदवहीतली एक ओळ शिल्लक राहते. त्या ओळीत क्रमांक, नाव, भरतीची व सेवामुक्तीची तारीख मिळते, आणि पदकाचा उल्लेख नसला तरी त्या माणसाचे त्या पलटणीतले अस्तित्व सिद्ध होते. त्यापुढे पलटण युद्धकाळात कोठे होती, हे तिच्या युद्धडायरीवरून ठरवता येते. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार अशा डायऱ्या व युद्धनोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत गोपनीयतेतून मुक्त करायच्या आहेत, आणि १९६५ व १९७१ ची युद्धे त्या मुदतीच्या कितीतरी मागे आहेत.