रुग्ण शिपायाचें ताट

पहिल्या महायुद्धांत ७ डिसेंबर १९१५ रोजीं तुर्की फौजेनें मेसोपोटेमियांतील कूत-अल-अमारा या गांवास वेढा घातला. आंत कोंडलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. गांवांतील छपराचा बाजार हेंच हिंदी शिपायांचें रुग्णालय झालें. जेथें सौदे व्हावयाचे, तेथें जखमी व आजारी माणसें ओळीनें पडून राहूं लागलीं.

त्यांच्या जेवणाची गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वाट्यास पीठ येई, तें दिवसेंदिवस घटत गेलें. भाजीपाला जवळजवळ नाहींच. नदीकांठचा रानपाला खुडून शिजवीत, तोहि पुरेना. परिणामीं स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, जखमा भरून येत नसत. अशा रोग्यास मलमपट्टीनें गुण कसा यावा? त्यास क जीवनसत्त्व हवें. चिचगडच्या रानांत जो आवळा मिळतो, त्यांत तें विपुल असतें. कूतमध्यें मूठभर आवळ्यांचें मोल शिपायाच्या प्राणाएवढें होतें.

गोऱ्या शिपायांनीं घोड्याचें मांस खाल्लें व ते स्कर्व्हीपासून बचावले. मात्र पांढऱ्या पिठामुळें त्यांना बेरीबेरी झाली. हिंदी शिपायास त्याच्या कोंड्यासकट पिठानें बेरीबेरीपासून वांचविलें. एकाच वेढ्यांत दोन ताटें आणि दोन रोग!

हिंदी शिपायांनीं तें मांस कां नाकारलें? हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा मागवून कळविण्यांत आली, तरी बहुतेकांचें मन वळेना. परत गेल्यावर जात वाळींत टाकील, मुलींचीं लग्नें अडतील, हें भय त्यांस होतें. एप्रिलमध्यें पुष्कळ जण खाऊं लागले, पण तोंपर्यंत फार उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडलें.

सरकारचा दोष उघड आहे. शांततेच्या काळीं हिंदी शिपाई स्वतःच्या पगारांतून अन्न घेई. मोफत शिधा त्यास १९१७ सालीं मिळूं लागला. त्याच वर्षीं मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालानें तेथील वैद्यकीय व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. परंतु समाजाची चौकशी कोणत्या कमिशननें करावी? स्वधर्माप्रमाणें अमुक खाणार नाहीं, असें कोणी ठरविलें तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र मरणाच्या दारांतहि शेजाऱ्याच्या जिभेस भिऊन कोणी उपाशी राहत असेल, तर त्याचा जाब आपण गांवकऱ्यांनींच दिला पाहिजे.