हाडं कोण ऐकतं?

आमचं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव. त्यामुळे चोखोबांची गोष्ट इथल्या पोरांना तोंडपाठ. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली नि चोखामेळा इतर मजुरांसह गाडले गेले. परंपरा ते साल १३३८ मानते. ढिगाऱ्यातली हाडं ओळखायची कशी? नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती पंढरपूरला नेली. महाद्वारासमोर ती समाधी आहे.

वर्गात हे सांगताना एकीनं विचारलं, "बाई, आता कोण ऐकतं?" मी गप्पच झाले. मग वाचायला घेतलं.

आता हे काम हाडांचे जाणकार करतात. आधी पाहतात, हाड माणसाचं की गुराढोरांचं. मग कमरेचं हाड. बाळंतपणासाठी बाईची कंबर रुंद असते, ती खूण मरणानंतरही जात नाही! लहान मुलाचं वय दातांवरून कळतं. इनामगावच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली तान्ही बाळं सापडली. तीन हजार वर्षांमागच्या कुण्या आईची ती. तरुणपणी हाडांची टोकं एकेक करून सांधली जातात. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं छातीकडचं टोक सर्वांत शेवटी, पंचविशी-तिशीत. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. पण एवढ्यानं नाव कळत नाही. त्यासाठी जुनं मोडलेलं हाड, भरलेली दाढ, नाहीतर दाढेतून काढलेला डीएनए आई किंवा लेकरांशी जुळवावा लागतो.

आमच्या ओळखीतली एक बाई आहे. नवरा कामाला म्हणून गेला, तो आलाच नाही. सात वर्षं पत्ता नसला तर कायदा माणूस मेला असं धरू शकतो, पण तोवर कुंकू लावायचं की नाही, हे तिला रोज सकाळी आरशासमोर ठरवावं लागतं. सासू म्हणते लाव, भाऊ म्हणतो पूस.

म्हणून एक काम करा. घरातल्यांचे एक्स-रे, दातांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. रेशनकार्डाबरोबर पिशवीत ठेवा. आणि प्रत्येकाचा दात दिसतील असा हसरा फोटो काढून घ्या. कवटीशी जुळवताना तो उपयोगी पडतो. आपल्याकडे फोटो म्हटला की तोंड मिटून ताठ बसायचं!

त्या बाईकडे नवऱ्याचा एकच फोटो आहे. लग्नातला. मुंडावळ्या बांधलेला, ओठ घट्ट मिटलेले.